पेट्रोलात बुडालेले इंजिन

कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, त्यांत नवे पडदे आणि नवी पॅकिंगे घालून पुन्हा बसवल्यावर, जे इंजिन पूर्वी निदान खोकत-खाकरत का होईना सुरू होत असे ते आता मुळीच सुरू होत नाही, आणि प्लग काढून पाहावा तर तो पेट्रोलने निथळत असतो, अशी कैफियत जुन्या जेटस्कीच्या दुरुस्तीत हात घालणाऱ्या प्रत्येकाच्या कानी केव्हा ना केव्हा येतेच. मिस्त्रीलोकांना अशा वेळी ‘इंजिन ओव्हर झाले’ एवढे म्हणणे पुरते. परंतु ओव्हर झालेल्या इंजिनावर जो उपाय बहुधा सर्वांत आधी केला जातो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अंगावरील दोन स्क्रू मनास येईल तसे पिळत बसणे, तोच बहुतेक प्रसंगी सर्वांत निरुपयोगी ठरतो. कारण ते स्क्रू आत येणाऱ्या पेट्रोलाचे माप ठरवतात, पेट्रोलाला दार उघडावे की मिटावे हे ठरवणे त्यांच्या अखत्यारीतले नव्हे. पेट्रोल कोणत्या वेळी आत शिरले, इंजिन थांबलेले असताना की फिरत असताना, या एका प्रश्नाची रुजुवात होईपर्यंत पेचकस खिशातच राहू द्यावा, असे माझे मत आहे, आणि पुढील सारा तपशील त्याच मताच्या पुष्ट्यर्थ आहे.

हे वाहन मुळातच उलटण्याच्या तयारीने घडवलेले आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या कार्ब्युरेटरची रचना उलगडत नाही. अमेरिकेतील क्लेटन जेकबसन या मोटारसायकलच्या शर्यती खेळणाऱ्या गृहस्थाने १९६० च्या दशकात पाण्यावरच्या मोटारसायकलीची कल्पना मांडली. कॅनडातील बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली ‘सी-डू’ या नावाने तिला पहिले मूर्त रूप दिले, पण तो उद्योग फार काळ टिकला नाही. आणि १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने उभ्याने चालवावयाची ‘जेट स्की’ विक्रीस काढली तेव्हा कुठे या जातीच्या वाहनांचा वंश सुरू झाला. स्वार पडला की वाहनाने त्याला सोडून पळून जाऊ नये, आणि पालथे झालेच तर सुलटे करून पुन्हा चालू करता यावे, ही त्या वाहनाची पहिली अट होती. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस यामाहाने ‘वेव्हरनर’ आणली, बॉम्बार्डिएने ‘सी-डू’चे पुनरुज्जीवन केले, आसनावर बसून चालवण्याची सोय झाली आणि इंजिनांची ताकद भराभर वाढत गेली; तरी दोन-स्ट्रोक इंजिन आणि त्यावरील पडद्याचे कार्ब्युरेटर ही जोडी १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बव्हंशी कायम राहिली. आपण ज्यांचा विचार करीत आहोत ती वाहने याच पिढीतली.

रस्त्यावरच्या मोटारींत आणि स्कूटरांत जो कार्ब्युरेटर आपण पाहत आलो, त्यात पेट्रोलाची एक लहानशी कोठडी असते आणि तिच्यात एक पोकळ तरंगी असते. घरच्या पाण्याच्या टाकीत जसा गोळा पाण्याबरोबर वर चढून नळ बंद करतो, तशीच ती तरंगी पेट्रोलाबरोबर वर येऊन एका सुईने पेट्रोलाची वाट रोखते. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास बसवलेली ही तजवीज इतकी निर्दोष आहे की शंभर वर्षांत तिच्यात मूलभूत फरक करावा लागला नाही. मात्र ती पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणावर सर्वस्वी विसंबून असते. पुण्याच्या आकुर्डीत तयार होणारी चेतक स्कूटर सकाळी सुरू होईना तेव्हा तिला एका कुशीवर झुकवून पुन्हा उभी करण्याचा जो प्रघात घराघरांत पडला होता, त्याचे मर्म या कोठडीतील पेट्रोलाच्या हालचालीतच होते. थोडे झुकवणे उपकारक. पण कोठडीच उलटी झाली, तर तरंगीला वर-खाली यांतला भेद उरत नाही आणि सुईचा बंदोबस्त कोलमडतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाण्यावरचे नसून आकाशातले आहे. १९४० च्या हवाई युद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन इंजिने, वैमानिकाने नाक एकाएकी खाली दाबताच अडखळत. जर्मन विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई, म्हणून त्यांना ही अडचण नव्हती, आणि त्यांचे वैमानिक या उणिवेचा फायदा घेऊन निसटून जात. प्रथम पेट्रोल कोठडीच्या छताकडे फेकले गेल्याने इंजिनाची उपासमार होई, आणि लगेच तरंगी भलत्या बाजूस गेल्याने सुई सताड उघडी राहून इंजिन पेट्रोलात बुडे. यांपैकी दुसरा आजार अधिक घातक होता. फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेतील बीट्रिस शिलिंग या अभियंता विदुषीने, ज्या स्वतः मोटारसायकलच्या शर्यतींत नाव कमावलेल्या होत्या, १९४१ साली यावर जो तात्पुरता तोडगा काढला तो एक भोक पाडलेली धातूची लहानशी चकती एवढाच होता: इंजिनाला पूर्ण ताकदीच्या वेळी जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच त्या भोकातून जाऊ शकावे, म्हणजे सुई उघडी राहिली तरी पूर येणार नाही. बुडणाऱ्या इंजिनाचा विचार प्रथम पेट्रोलाच्या वाटेवरच्या दारापासून सुरू करावा, ही दृष्टी त्या चकतीत पूर्णपणे आहे, आणि म्हणूनच जेटस्कीच्या प्रकरणात तिचा दाखला मला अस्थानी वाटत नाही.

लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवतींना जे कार्ब्युरेटर असतात, ते करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरली तरी चालतात. जेटस्कीने तीच जात पत्करली. मिकुनी या जपानी कंपनीचे ‘सुपर बीएन’ कार्ब्युरेटर या वाहनांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतात, आणि एक नीट समजला की बाकीचेही समजतात. त्यात तरंगी नाही, कोठडीही जवळजवळ नाही. आहे ती तळहातात मावेल एवढ्या अंगात कोरलेली एक उथळ खोली, तिच्यावर ताणून बसवलेला पातळ रबरी पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे झाकणाच्या बारीक छिद्रातून येणारी बाहेरची हवा. इंजिनाच्या ओढीने खोलीतले पेट्रोल कमी झाले की हवेचा दाब पडद्याला आत ढकलतो, पडद्याच्या मधोमध असलेले बटण एका नखाएवढ्या तरफेचे टोक दाबते, तरफेचे दुसरे टोक सुई उचलते आणि पितळी आसनातून पेट्रोल आत येते; खोली भरली की तरफेखालची बारीक स्प्रिंग सुईला पुन्हा आसनावर बसवते. पेट्रोल तेथवर आणणारा पंपही त्याच कार्ब्युरेटरच्या दुसऱ्या अंगाला चिकटलेला असतो, आणि त्याला विजेची गरज नसते: क्रँककेसमध्ये पिस्टनच्या खालीवर होण्याने जो दाबाचा हेलकावा निर्माण होतो, तो एका नळीतून पंपाच्या पडद्यापर्यंत आणलेला असतो. पंपाने उगाच जास्त आणलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते, आणि त्या परतीच्या वाटेवर मुद्दाम एक अरुंद छिद्र ठेवलेले असते, म्हणजे सुईपाशी माफक दाब टिकून राहतो.

आता इंजिन बुडते म्हणजे नेमके काय होते? पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण सात-आठपटीपेक्षाही खाली गेले की मिश्रण इतके दाट होते की ठिणगी पडूनही ते पेटत नाही, आणि त्यातच प्लगच्या चिनीमातीवर पेट्रोलाचा थर बसल्यावर वीज ठिणगीच्या फटीतून न जाता त्या ओलाव्यातून वाट काढते, म्हणजे ठिणगीही पडेनाशी होते. चार-स्ट्रोक इंजिनात हा मामला प्लग पुसून बहुधा संपतो. दोन-स्ट्रोकमध्ये मात्र मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि मग वर सिलिंडरात चढते; त्यामुळे बुडालेल्या इंजिनाच्या तळाशी, क्रँकच्या पायाशी, पेट्रोलाचे तळे साचून राहते, आणि प्लग कितीही वेळा कोरडा करून बसवला तरी पुढच्या दोन-चार फेऱ्यांत तो पुन्हा ओला निघतो. हे न जाणणारा माणूस प्लगांच्या डब्यामागून डबे संपवतो आणि शेवटी दोष प्लगवर ठेवतो. याहून वाईट म्हणजे, तळे फार मोठे असेल तर द्रव दाबला जात नसल्याने पिस्टन वरच्या टोकापाशी अडतो, आणि सेल्फ जोराने मारत राहणाऱ्याच्या हातून कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो. सेल्फ मारताच इंजिन ‘ठक्’ करून जागीच थांबले, तर तेथेच हात आवरावा.

म्हणून पहिले काम तपासणीचे नसून उपसा करण्याचे. आसन काढून वाहनाचे पोट उघडे करावे आणि बराच वेळ वारा खेळू द्यावा, कारण पेट्रोलाची वाफ हवेहून पुष्कळ जड असते आणि बंद होडीच्या तळाशी, जेथे डोके घालून आपण काम करणार असतो, तेथेच ती साठते. टाकीचा कॉक बंद करावा. दोन्ही प्लग काढावेत, आणि त्यांच्या तारा मोकळ्या लोंबकळू न देता इंजिनाच्या धातूला जोडाव्यात. काही वाहनांत त्यासाठी स्वतंत्र खुंट्या दिलेल्या असतात. ही खबरदारी दुहेरी आहे: उघड्या तारेतून उडालेली ठिणगी प्लगच्या भोकांतून उसळणाऱ्या फवाऱ्याला पेटवू शकते, आणि वाट न मिळालेली वीज प्रज्वलनाच्या नाजूक यंत्रणेलाच जाळू शकते. मग थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, चोक उघडा ठेवून, भोकांवर फडके धरून सेल्फ थोडा थोडा मारावा. फडक्यावर येणारा फवारा थांबला, आलटून पालटून विश्रांती दिली, आणि हाताला केवळ हवेचे फुत्कार लागू लागले, म्हणजे तळे आटले असे समजावे. कार्ब्युरेटरच्या तोंडावरील ज्वालारोधक जाळी काढून ठेवली असेल तर ती परत बसवल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या होडीतल्या पेट्रोल इंजिनांना ही जाळी सक्तीची केली आहे, आणि ज्याने बंद पोटात कार्ब्युरेटरमधून मागे फुटलेली एक ज्वाळा पाहिली आहे त्याला त्या सक्तीचे कारण विचारावे लागत नाही.

उपसा झाल्यावर खरी चौकशी सुरू होते, आणि तिचा पहिला टप्पा इतका साधा आहे की लोक तो वगळतात. जाळी काढलेलीच आहे, इंजिन थांबलेले आहे, सेल्फला कोणी हात लावलेला नाही. अशा स्थितीत कॉक उघडावा आणि स्पार्क न उडणारी विजेरी घेऊन कार्ब्युरेटरच्या घशात पाहत बसावे. घसा कोरडा राहिला, तर सुई आपले काम चोख करीत आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा. मधल्या तोटीच्या टोकाशी थेंब फुगून गळू लागला, तर पेट्रोल इंजिनाच्या ओढीशिवाय येत आहे, आणि जगातला कोणताही स्क्रू त्याला अडवू शकणार नाही. यानंतर टाकीचे झाकण उघडावे. उघडताना ‘फुस्स’ आवाज होऊन घशातले थेंब थांबले, तर संशयाची दिशा बदलते: टाकीला हवा आत घेणारी झडप असते, पण उन्हात तापलेल्या टाकीतला वाढलेला दाब बाहेर सोडणारी वाट बंद असेल, तर तो दाब पेट्रोलाला सुईवर ढकलतो. दुपारी वाळूवर तळपत उभ्या असलेल्या वाहनाची ही तक्रार सावलीत किंवा सकाळी मुळीच उद्भवत नाही, आणि त्यामुळे ती फार दिवस चकवा देते.

झाकण उघडूनही थेंब गळतच राहिले तर कार्ब्युरेटर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि येथे दुरुस्तीच्या वेळच्या कसुरी एकेक करून उजेडात येऊ लागतात. पितळी आसनाच्या गळ्याभोवती एक बारीक रबरी कडे असते. आसन दाबून बसवताना ते चिरले, किंवा जुने कडे आतच राहून त्यावर नवे चढवले गेले, तर सुई कितीही चांगली बसली तरी पेट्रोल आसनाच्या बाजूने पाझरते. सुईच्या टोकाला रबरासारखा मऊ थर असतो. त्यावर जुन्या आसनाच्या काठाचा वर्तुळाकार ओरखडा उमटलेला असेल, तर नखाने स्पर्श केल्यास तो जाणवतो, आणि जाणवला की सुई बाद. सुई नवी आणि आसन जुने, असा मिश्र विवाह लावणे मला पसंत नाही; दोन्ही एकदमच बदलावीत. तरफेची उंची हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे: मिकुनीच्या या कार्ब्युरेटरांत तरफेचे मोकळे टोक खोलीच्या तळाशी समपातळीत असावे लागते. जोडणी करताना अंगठा लागून ते केसभर वर वाकले, तरी पडद्याचे बटण तिच्यावर सतत दबून राहते आणि दार कधीच पुरते मिटत नाही. पट्टी आडवी धरून डोळ्याने पाहिले तरी ही तफावत दिसते, म्हणून ती न पाहण्याचे कारण आळस एवढेच असू शकते.

पण डोळ्याची साक्ष पुरेशी नसते. सुईची खरी परीक्षा दाबाने होते. दाबमापक बसवलेला एक लहान हातपंप कार्ब्युरेटरच्या पेट्रोल येण्याच्या तोटीला जोडावा, परतीची तोटी बोटाने किंवा बुचाने बंद करावी, पडदा काढून सुई उघडी दिसेल असे ठेवावे आणि तिच्यावर पातळ तेलाचे दोन थेंब टाकावेत, कारण कोरड्या सुईचे माप दर वेळी निराळे येते. आता हळूहळू दाब वाढवावा. काटा चढत जातो, काही वेळ काहीच होत नाही, आणि मग एका क्षणी सुई एकाएकी उघडून तेलातून बुडबुड्यांचा झोत उठतो व काटा खाली कोसळतो. ज्या आकड्याला हे घडते तो सुई उघडण्याचा दाब. तो वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत, साधारणतः २० ते ४० पौंड प्रति चौरस इंच या टापूत कोठेतरी, असावा लागतो, आणि दोन कार्ब्युरेटर असतील तर दोहोंत फार अंतर असता कामा नये. परंतु बुडणाऱ्या इंजिनाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचे माप दुसरे आहे: सुमारे १० पौंडांवर पंप थांबवून काटा न्याहाळावा. तो मिनिटभर जागचा हलला नाही तर दार बंद आहे. तो सावकाश उतरू लागला, आणि तेलात टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा एका बाजूने पुन्हा पुन्हा उगवू लागला, तर गळतीची जागा त्या बुडबुड्याने बोट दाखवून सांगितली असेच म्हणावे.

या परीक्षेत उघडण्याचा दाब फारच कमी निघाला, तर स्प्रिंगकडे पाहावे. मिकुनीच्या या कार्ब्युरेटरांसाठी ६५, ८०, ९५ आणि ११५ ग्रॅम अशा निरनिराळ्या जोराच्या स्प्रिंगा मिळतात आणि आसनेही दीड, दोन किंवा अधिक मिलिमीटर छिद्राची असतात. छिद्र मोठे केले किंवा स्प्रिंग हलकी घातली की दार कमी दाबाला उघडते. दुरुस्तीच्या संचात कधीकधी वाहनाला लागू नसलेली स्प्रिंग येते, आणि ‘नवी ती चांगली’ या भरवशावर जुनी, योग्य स्प्रिंग केरात जाते. स्वस्त संचांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, आणि त्याचे कारण रबराच्या टिकाऊपणाहून या मापांच्या गोंधळात अधिक आहे. जुने भाग, काम पुरते यशस्वी होईपर्यंत, एका डबीत मुद्देमालासारखे जपून ठेवावेत.

सुई निर्दोष ठरली म्हणजे पेट्रोल इंजिन फिरत असतानाच जास्त येते, असा निष्कर्ष उरतो, आणि तेथे आरोपी निराळे आहेत. पंपाचा पडदा फाटला किंवा उलटसुलट क्रमाने बसला, तर पेट्रोल हेलकाव्याच्या नळीतून उलट क्रँककेसमध्ये शोषले जाते. अशा वेळी ज्या सिलिंडराच्या क्रँककेसमधून ती नळी निघते त्याचाच प्लग ओला आणि दुसऱ्याचा कोरडा निघतो, आणि नळी उपटून पाहावी तर तिच्यात, जेथे केवळ हवा असावयास हवी तेथे, पेट्रोल सापडते. एकच प्लग ओला असणे ही फार बोलकी खूण आहे. परतीच्या नळीचे छिद्र कचऱ्याने बुजले, ती नळी कोठे मुरगळली, किंवा येण्याची आणि परतीची अशा दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर दाब सुईच्या सोसण्यापलीकडे जाऊ शकतो. कार्ब्युरेटर काढण्यापूर्वी नळ्यांना रंगीत दोरे बांधण्याचा शिरस्ता ज्यांनी पाळला आहे त्यांच्यावर ही पाळी सहसा येत नाही. चोकची तार जोडताना पाकळी पुरती उघडते ना, हेही कार्ब्युरेटरच्या तोंडातून पाहून घ्यावे. आणि शेवटी, पेट्रोल योग्य तेवढेच येत असून करंटच अशक्त असेल, बॅटरी उतरल्याने सेल्फ रेंगाळत असेल, किंवा पिस्टनच्या कड्या झिजून दाब पडत नसेल, तरीही इंजिन ओव्हर होतेच, कारण न जळलेले पेट्रोल कोठेतरी साचणारच. कार्ब्युरेटर खोलण्याचा घाट ज्या मूळ दुखण्यासाठी घातला होता, ते दुखणे कधीकधी येथेच असते.

आपल्या कोकणात आणि गोव्यात, मालवण, तारकर्ली, कळंगुट या किनाऱ्यांवर, पावसाळ्याचे महिने ही वाहने छपराखाली पडून राहतात, आणि हंगामाच्या तोंडाशी कार्ब्युरेटर खोलण्याची जी घाई उडते तिचे मूळ त्या पडून राहण्यात असते. टाकीत आणि कार्ब्युरेटरात राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर सोडते, जो सुईला आसनावर घट्ट चिकटवतो किंवा त्या दोहोंत कणासारखा अडकतो. त्यात अलीकडे देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतले पाणी ओढून घेते, पाणी फार झाले की पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते वा ताठ करते. काही जुन्या वाहनांतील नळ्यांचे अस्तर आतून विरघळून त्याचा हिरवट चिखल कार्ब्युरेटरच्या आतील बारीक गाळणीवर साचतो. तो धुऊन काढला आणि नळ्या मात्र तशाच ठेवल्या, तर नव्या सुईखाली जुनाच चिखल पुन्हा येऊन बसणार. म्हणून नळ्या प्रथम, कार्ब्युरेटर नंतर. आणि धातूवरचा मळ काढण्याचा जालीम फवारा पडदे जागेवर असताना मारू नये. तो मळाबरोबर रबरही नेतो.

दार नीट मिटते, पंप शाबूत आहे, नळ्या आपापल्या जागी आहेत आणि करंट सणसणीत आहे, एवढी खातरजमा झाल्यावर मात्र स्क्रूंची पाळी येते. दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण मिटवून पुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांइतके उघडावेत, आणि तेथून सुरुवात करून पाणी असेल तेथेच शेवटची जुळणी करावी. ओव्हर होण्याला कंटाळलेल्या माणसाला या वेळी दोहोंपैकी मोठ्या वेगातले पेट्रोल मापणारा स्क्रू मिटवत नेण्याचा मोह होतो, आणि तो मोह महाग पडतो: दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल केवळ जळण्यासाठी नसून त्याच्याबरोबर वंगणाचे तेल येते आणि त्याच्या बाष्पीभवनाने आतले भाग थंड राहतात, त्यामुळे मिश्रण फार पातळ झाले की ॲल्युमिनियमचा पिस्टन पूर्ण वेगात तापून सिलिंडराला धरतो. प्लगची चिनीमाती चॉकलेटी निघेपर्यंत मिश्रण किंचित दाट राहिलेले बरे; पांढरीफटक चिनीमाती पाहून आनंद मानणे धोक्याचे आहे. या इंजिनांत थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाणे हे रचनेतच आहे, आणि म्हणूनच अमेरिकेत लेक टाहोसारख्या सरोवरावर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या दोन-स्ट्रोक वाहनांना मज्जाव झाला, यामाहाने २००२ साली चार-स्ट्रोक वाहन आणले, आणि उभ्याने चालवावयाच्या ‘सुपरजेट’सारखे तुरळक वाहन तेवढे २०२० पर्यंत जुन्या पद्धतीला धरून राहिले.

चाचणी अंगणात घ्यावयाची असेल तर एक गोष्ट विसरू नये. या वाहनांचे इंजिन पाण्यातल्या पंपाने येणाऱ्या पाण्यावर थंड होते. अंगणात त्याऐवजी नळाची नळी जोडतात. इंजिन आधी सुरू करावे आणि मग पाणी सोडावे. बंद करताना पाणी आधी तोडावे आणि मग इंजिन. याच्या उलट केले तर एक्झॉस्टच्या डब्यात भरलेले पाणी, बाहेर ढकलणारा धूर नसल्याने, उलट सिलिंडरात उतरते, आणि पेट्रोलाने बुडालेले इंजिन मोठ्या कष्टाने कोरडे करणाऱ्याला तेच प्लग काढून, त्याच फडक्यावर, आता खारे वा गोडे पाणी उपसत बसावे लागते. तसे झालेच, तर उपसा होताच सिलिंडरांत तेल फवारून इंजिन त्याच दिवशी सुरू करावे. बेअरिंगांवर गंज चढायला एक रात्रही पुरते.